हात नव्हे, कोनसेट

मला गाडी झेपत नाही, असं घरानं आणि गावानं मिळून ठरवलं, त्याला कारण एकच. पारगावकडून येताना वळणावर मी पडले आणि दोन्ही कॅनमधलं दूध रस्त्यावर सांडलं. आमच्याकडे आठवड्याला एक तरी गडी मोटारसायकलवरून पडतो. त्याच्यासाठी लोक रस्त्याला शिव्या घालतात, उसाच्या ट्रॉलीला घालतात, फारच झालं तर जरा घेतली होती म्हणतात. त्याची गाडी कुणी विकत नाही. माझी मात्र रविवारी विकायची ठरली.

वडिलांच्या मागं ती गाडी आणि चार गाई मीच सांभाळत होते. मोठा भाऊ चाकणला कंपनीत, सुट्टीला घरी यायचा. तो म्हणाला, "बाईमाणसाला स्कूटी बरी. आळे गावचा एक जण गाडी बघायला येतोय." स्कूटीला दोन कॅन अडकवून आमचा चढ चढून दाखव, असं मी त्याला म्हटलं. तो नुसता हसला. गाडी गेली की डेअरीला दूध घालायला मी रोज कुणाच्या तरी पाया पडणार, आणि वर्षाच्या आत गाई बाजारात जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

दोष माझ्या हातात नव्हता. हँडल सरळ आलं की मधोमध अडकायचं, जोर लावला की एकदम सुटायचं. मी गाडी फाट्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं गाडी सोडून माझ्याकडेच पाहिलं.

"ताई, गाडीला काय न्हाई झालं. तुमचा हात हलका पडतो."

माझं डोकंच फिरलं. दोन वेळा चार गाईंची धार काढणारा हात म्हणे हलका!

"भाऊ, कोनसेट गेलाय. नवा द्या."

"बसवणार कोन?"

"मीच. हलक्या हातानं."

कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या वरखालच्या वाट्या आणि त्यांतले छर्रे. तो बदलतानाचा एका हिंदी मिस्त्रीचा व्हिडिओ मी मोबाइलवर इतक्यांदा पाहिला होता की तो माणूस मला घरातला वाटायला लागला होता.

शनिवारी सकाळी धार उरकून गोठ्यापुढं गाडी डबल स्टँडवर लावली, इंजिनाखाली ओंडका सारला. पुढचं चाक काढलं, शॉकअप काढले, हँडल सोडवून टाकीवर आडवं टाकलं. वरचा मोठा नट सोडणार तेवढ्यात आई परात घेऊन धावत आली. "खाली धर. छर्रा वैरणीत गेला तर गाईच्या पोटात जाईल." हे व्हिडिओत नव्हतं. आई परातीशी बसली आणि पडेल तो छर्रा मोजून घेत राहिली.

जुन्या वाट्या लांब सळईनं ठोकून काढल्या. त्यांत ओळीनं खळगे पडले होते. नख फिरवलं तर प्रत्येकात अडकत होतं. ते पाहून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. नव्या वाट्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी गार केल्या, जुनी वाटी वर ठेवून ठोकून बसवल्या, ग्रीसमध्ये छर्रे लावले आणि सगळं जोडून नट आवळला.

रविवारी सकाळी गाडी काढली तर ती सरळच जाईना, नागमोडी पळायला लागली. भाऊ अंगणात उभाच होता. "बघ, आता तर सरळबी चालंना."

ही चूक मात्र माझीच. आमच्या घरात नट आवळायचा म्हणजे नांगराचा आवळतात तसा, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून. कोनसेटला तो जोर चालत नाही. पाना घेऊन पुन्हा बसले. नट थोडा थोडा सैल करत गेले. चाक अधांतरी असताना बोटानं टिचकी मारली की हँडल आपलं आपण कडेला पडावं, आणि शॉकअप धरून हलवले तर खडखड होऊ नये, इथं थांबले.

दुपारनंतर आळ्याचं गिऱ्हाईक आलं. त्यानं वेशीपर्यंत चक्कर मारली, परत येऊन गाडीवरूनच भावाला म्हणाला, "लई भारी चालतीय राव. एका हातानं वळतीय. कागद काढा."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. माझी धार काढून झाली होती. मी कॅन उचलले आणि तो माणूस बसलेला असतानाच दोन्ही बाजूंना अडकवले.

"पावणं, उतरा. दूध घालायचंय."

तो उतरला. मी किक मारली आणि डेअरीकडं निघाले.

त्यानंतर मी दोनदा पडले आहे. एकदा मोबाइल वाजला म्हणून, एकदा उगाच घाई केली म्हणून. दोन्ही वेळा चूक माझी होती. गाडीही माझीच आहे.