स्नेहाला खो कोण देणार?

तिगावच्या मोतीरामची पोरगी स्नेहा एकदा पळायला लागली की कुणाच्या हाती लागेल तर शपथ! पांढुर्ण्याच्या शाळेत अकरावीला आली आणि अलका मॅडमनी तिला लगेच खो-खोच्या टीममध्ये घेतलं. तिची आई इंदूबाई हरखून गेली. संत्र्याच्या बागेत कामाला जाता जाता भेटेल त्याला सांगायची, "आमची स्नेहा टीममधी हाय बरं!"

टीममध्ये होती, हे खरं. पण टीम होती मृणालची. मृणाल कॅप्टन, आणि तिच्याभोवतीच्या पाच-सहा जणी एकाच गल्लीतल्या, लहानपणापासून गळ्यात गळे घातलेल्या. त्यांनी स्नेहाला आडनाव विचारलं, "अच्छा" म्हटलं, आणि विषय संपला. भांडण नाही, शिवी नाही. फक्त खो द्यायचा नाही. आता खो-खोत आठ जणी रांगेत बसतात. पाठीवर थाप मारून कुणी 'खो' म्हटलं तरच उठायचं. थाप पडायची ती स्नेहाच्या अलीकडच्या मुलीला, नाहीतर पलीकडच्या. ही बापडी आपली बसूनच. जळो मेलं असलं शहाणपण! आणि तक्रार तरी काय करणार? 'मले हात लावत नाहीत' अशी? ते म्हणायला तिची जीभ रेटेना. घरी तर अवाक्षर नाही काढलं.

सौंसरला सामना होता. समोरच्या टीममधली एक लुकडी पोरगी पक्की चालू निघाली. या एकीला खो मिळतच नाही, हे तिनं झटक्यात ओळखलं. मग काय! मृणाल मागे लागली की लुकडी स्नेहाच्या बाजूनं रांग ओलांडायची आणि थेट तिच्या नाकासमोर कमरेवर हात ठेवून दम खायची. पाठलाग करणारीला रांग ओलांडता येत नाही. मृणाल पुढच्या मैत्रिणीला खो देईपर्यंत लुकडी पसार! एकदा तर ती स्नेहाकडे बघून हसली. स्नेहाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डाव संपल्यावर सगळ्या पाणी पीत होत्या. मृणाल धापा टाकत म्हणाली, "यार, ती हाती काहून नाही लागून राहिली?"

आता मात्र स्नेहा बोललीच. "माह्यासमोर आराम करून राहिली ती. तुमी मले खो देत नाही, हे तिले समजलं. तुमाले कधी समजन?"

अलका मॅडमनी मृणालकडे नुसतं पाहिलं. मृणालची मान खाली गेली.

दुसऱ्या डावात लुकडी सवयीनं स्नेहासमोर येऊन उभी राहिली, तोच स्नेहाच्या पाठीवर धाडकन थाप पडली. "खो!" लुकडीला वळायलाही फुरसत मिळाली नाही.

सामना त्या हरल्याच. पहिल्या डावाची भरपाई कुठून होणार? पण परतीच्या बसमध्ये मृणाल येऊन स्नेहाच्या शेजारी बसली. माफीबिफी काही मागितली नाही हं, एवढं मोठं मन कुठलं! खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उद्या प्रॅक्टिसले लवकर ये."

दुसऱ्या दिवशी खेळ असा रंगला की मृणाल दर फेरीला स्नेहालाच खो देत सुटली. शेवटी स्नेहा ओरडली, "अवं बाप्पा, मले जराशी बसू त दे!"

सगळ्या खो-खो हसल्या. मृणालनं थाप मारलीच, आणि स्नेहा पळालीच.