येणाऱ्या ब्रेकची खबर

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्याने केली त्याने आमचा रविवारचा चहा पाहिलेला असावा. डोंगरात चालवायच्या ज्या सायकली अजून कारखान्याबाहेरही पडलेल्या नाहीत, त्यांच्यावरून आम्ही चौघे जितक्या त्वेषाने भांडतो तितके लोक बांधावरूनही भांडत नसतील.

चौघांत मी एकटी बाई. बुलडाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. दुसरे वकीलसाहेब, तिसरे मेडिकल स्टोअर चालवणारे भाऊ, आणि चौथे देऊळघाटचे दादा, शेती सांभाळून सायकल चालवणारे. रविवारी पहाटे सायकली काढायच्या, राजूर घाट उतरायचा, पुन्हा धापा टाकत चढायचा आणि माथ्यावरच्या काकूंच्या टपरीवर बसून सायकलींना नावं ठेवायची, असा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. असलेल्या सायकलींना नावं ठेवून झाली की पुढच्या वर्षीच्या.

चाक आणखी मोठं होणार, बत्तीस इंचाचं, ही खबर आली तेव्हा दादा म्हणाले, "मंग मले चढाले शिडी लागन." गिअरची सगळी दातेरी चाकं पायडलाजवळ डब्यात बंद होणार, हे मात्र त्यांना फार आवडलं. आमची काळी माती ओली झाली की सायकलीला असा गोटा धरते की चाक फिरत नाही. माती जिथे शिरतच नाही असा गिअर म्हणजे त्यांना कंपनीने शेवटी वऱ्हाडाचा विचार केला असं वाटलं. बिनतारेचे, चार्जिंगवर चालणारे गिअर येणार म्हटल्यावर मेडिकलवाले भाऊ म्हणाले, "पह्यले लाइन तं राहू द्या." आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या पोटातून नेण्याच्या नव्या फॅशनवर मी स्वतः इतकी बोलले की चहा गार झाला. एक तार बदलायची तर अर्धी सायकल उघडायची, ही कसली सुधारणा? माझं मत आजही तेच आहे.

वकीलसाहेब प्रत्येक खबरीची उलटतपासणी घेत. "पाह्यलं का ऐकलं? ऐकलं तं कोणाकडून? त्यानं पाह्यलं का?" तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक खबरा गळून पडत. मग वकीलसाहेब समाधानाने बशीत चहा ओतत.

शिवाय आमची मांडणी असे. आमच्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळला धान्याची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊस कसा, पीक कसं याचं भाकीत सांगतात. ज्याला पटतं तो ऐकतो, आणि ज्याला पटत नाही तोही आधी ऐकतो, मग पटत नाही म्हणतो. त्यानंतरच्या रविवारी आमची सायकलींची मांडणी. काकूंच्या परातीत चाळलेली माती, मध्ये पाण्याची वाटी, वाटीवर पापड, आणि भोवती गोल रिंगणावर चाकासाठी ज्वारी, गिअरसाठी तूर, शॉकअपसाठी हरभरा. पहाटे मांडून ठेवायची आणि घाट करून आल्यावर दादांनी वाचायची. दाणा रिंगणाबाहेर सरकला तर ती वस्तू वर्षभरात बाजारात येणार, आत सरकला तर नुसती खबर. वाऱ्याने सरकवावा, मुंग्यांनी सरकवावा, खारीने सरकवावा. माणसाने हात लावायचा नाही. खऱ्या मांडणीची टिंगल होऊ नये म्हणून दादा चपला काढून बसत, आणि आम्हालाही काढायला लावत.

मग मी पडले. घाटाखालच्या पायवाटेवर पुढचं चाक दगडाला अडलं आणि मी उजव्या हातावर आले. मनगटाचा चुरा झाला. पट्टी आणि स्क्रू बसवून डॉक्टरांनी हात परत दिला, पण पूर्ण दिला नाही. खडू धरता येतो, पोळी लाटता येते, मात्र मूठ आवळली की जोरच लागत नाही. "एवढ्यावर समाधान माना," डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताशी सायकलीचा पुढचा ब्रेक असतो. सपाटीवर डाव्या ब्रेकवर भागून जातं. घाटात फक्त मागच्या ब्रेकवर उतरणं म्हणजे बिनकासऱ्याचा बैल धरणं. मला तर घाटच उतरायचा होता. बाकी सगळं आयुष्य जमत होतं, आणि नेमकं तेवढंच हवं होतं.

चिडून मी ठरवलं, सायकल उंद्रीला दिलेल्या बहिणीकडे पाठवून द्यायची. तिच्या घरी कोणीतरी चालवेल. भिंतीवर टांगलेली बघून रोज जेवण कडू होत होतं. त्याच संध्याकाळी मेडिकलवाले भाऊ माझ्या गोळ्या द्यायला घरी आले. सायकल ओसरीत उतरवलेली पाहून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, तुमाले खबर नाई लागली का? एका लिव्हरवर दोन्ही चाकं धरणारा ब्रेक येऊन राह्यला. डाव्या हातानं. पुढल्या साली."

मी म्हटलं, "खरंच? मंग राहू द्या सायकल."

त्या वर्षीपासून मांडणीत ब्रेकसाठी एक लाल मिरची आली. मी स्कूटीने टपरीवर जाऊ लागले. तिघे घाटात गेले की मी काकूंजवळ बसून परातीची राखण करायची, कारण काकूंच्या शेळ्यांना भाकितात फार गोडी. मिरची बाहेर सरकली. पुढच्या वर्षीही सरकली. ब्रेक काही आला नाही, पण दर एक-दोन महिन्यांनी भाऊंकडून त्याची ताजी हालहवाल येत राहिली. नमुना तयार झाला. चाचणीत तेल गळालं. तेल बदललं. आता हलका करून राह्यले. एखाद्या घरच्या बाळंतपणाची बातमी ऐकावी तशी मी ते सगळं ऐकत असे. रविवार चुकवत नसे. खबर चुकली तर?

गेल्या मांडणीला काकूंनी मला भजी तळायला आत बोलावलं. कुडाच्या फटीतून मला दिसलं, भाऊ एकटेच घाटातून वर आले. सायकल टेकवली, मागे वळून रस्ता पाहिला, चपला काढल्या, परातीशी उकिडवे बसले आणि नखाने मिरची हळूच रिंगणाबाहेर ढकलली. मग नखाची खूण बुजावी म्हणून मातीवर फुंकर मारली. चपला काढायला मात्र विसरले नाहीत.

बाकीचे दोघे आले तेव्हा भाऊ मागचं चाक दाबून पाहत होते. "पंक्चर हाय वाटते. बाभळीचा काटा असन. म्हणून लवकर आलो." चाक दगडासारखं टणक होतं. दादांनी परात वाचली. "चाक आतच हाय. गिअर जागचा हालला नाई. अन् ब्रेक निंगाला बाप्पा भाईर. याच साली येते." वकीलसाहेबांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

मी भजी आणून ठेवली. दादा आणि वकीलसाहेब निघून गेल्यावर विचारलं, "भाऊ, मिरचीले हात काऊन लावला?"

ते आधी परातीकडे, मग काकूंकडे पाहायला लागले. काकू कढईत पाहायला लागल्या.

"ताई, तुम्ही सायकल देऊन टाकत होत्या ना. काहीतरी बोला लागते म्हणून बोललो."

"म्हणजे असा ब्रेक येऊनच नाई राह्यला?"

"मले काय मालूम? येतही असन."

"अन् ते तेल गळालं, हलका केला, ते सारं?"

"दुकानात गिऱ्हाईक नसलं की जोडत बसो. तुम्ही लय बारीक इचारता, ताई. मले तेलाचं वाचा लागलं."

राग आला. असा आला की मी स्कूटीची किल्ली टेबलावर आपटली. दोन वर्षं एक शहाणी बाई परातीतल्या मिरचीच्या भरवशावर थांबते, हे कोणाला सांगावं? मी विचारलं, "बाकीच्याइले माईत हाय?" भाऊ परातीतली माती सारखी करायला लागले, आणि मला एकदम आठवलं. वकीलसाहेबांनी बत्तीस इंची चाकाला फाडून खाल्लं होतं, बिनतारेच्या गिअरला सळो की पळो केलं होतं. या ब्रेकबद्दल त्यांनी दोन वर्षांत एकही प्रश्न विचारला नव्हता. पाह्यलं का ऐकलं, एवढंसुद्धा नाही. आणि दादा मिरची मांडत ती नेहमी रिंगणाच्या अगदी कडेला, बाहेरच्या बाजूला.

तिथेच माझा राग उतरला. सांगायला लाज कसली, मी काकूंच्या बाकावर बसून रडले. माझ्यासाठी कोणी देवाला नवस केला असता तर मला संकोच वाटला असता. या माणसांनी खोटी खबर जोडली, ती जपली, तिला तेलपाणी घातलं, एका वकिलाने आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न गिळले, आणि हे सगळं मी रविवारी त्यांच्यात येऊन बसावं एवढ्यासाठी. मला फसवायला एवढे कष्ट घेणारी माणसं मला लाभली, याचं अजून नवल वाटतं.

रडून झाल्यावर भाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "एक गोष्ट सांगू का? राग नका मानू. लिव्हर असते. नवीन नाई. दोन तारा एकसंग ओढते. तीनचाकीले लावतात, अपंगाइच्या. मले पह्यल्याच साली दिसली होती दुकानात. पण तुमाले कसं म्हणू?"

खरं होतं. पहिल्या वर्षी त्यांनी मला तीनचाकीची लिव्हर दाखवली असती तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. येणाऱ्या ब्रेकची वाट पाहणं मला जमणारं होतं. त्यात हात गेल्याचं कबूल करावं लागत नव्हतं, नुसतं कंपनीला उशीर झाला होता. दोन वर्षांत माझा हात सुधारला नाही, पण त्याच्याबद्दल ऐकून घेण्याइतकी मी सुधारले होते.

"कोणत्या दुकानात?" मी विचारलं.

त्याच आठवड्यात लिव्हर बसली. दिसायला अगदी ओबडधोबड, माझ्या सायकलीच्या चकाकत्या हँडलवर ठिगळासारखी. गिअरचा खटकाही डावीकडे आणून उलटा बसवावा लागला. येत्या मॉडेलांवर एवढी मतं देणाऱ्या बाईच्या सायकलीवर हे पाहून वकीलसाहेब म्हणाले, "डिझाइनबद्दल मी आज काही इचारत नाई." मी म्हटलं, "आजच इचारा." मग त्यांनी खूप विचारलं, आणि प्रत्येक प्रश्नाला मला उत्तर देता आलं, कारण ब्रेक समोर होता.

आमच्याकडे आभार मानतात ते माईकवर. टपरीवर कोणी कोणाला धन्यवाद म्हणालं तर समोरचा मागे वळून बघेल. त्यामुळे मी काहीच म्हणाले नाही. पुढच्या रविवारी सर्वांच्या आधी टपरीवर पोचले, तेही सायकलीवर.

घाट उतरताना दादा आणि वकीलसाहेब पुढे गेले. भाऊ माझ्या मागे राहिले. मी हळू जात होते, प्रत्येक वळणाआधी डावी लिव्हर दाबून पाहत होते. दोन्ही चाकं एकदम धरत होती. जिथून पायवाटेला उतरून मी पडले होते तो फाटा आला तेव्हा मी लिव्हर आणखी दाबली, मागून भाऊंच्या चाकाचा आवाज जवळ आला, आणि फाटा मागे पडला. रस्ता सरळ झाला. भाऊ अजूनही मागेच. त्यांना असं हळू उतरवत नाही, हे मला माहीत आहे. ब्रेक न लावता घाट उतरणारा माणूस माझ्यासाठी चाक चाक मोजत येत होता.

माझा उजवा हात नुसता हँडलवर ठेवलेला होता. आता त्याला काहीच काम नव्हतं. मी तो उचलला, बाजूला केला, आणि भाऊंना हलवून खूण केली, की जा तुम्ही पुढे.