अक्काची दोन पत्रकं

सूड घ्यायला माझ्याकडे मराठीखेरीज दुसरं काही नव्हतं.

अफझलगंजमधल्या एका जाहिरात कचेरीसाठी मी बरीच वर्षं पत्रकं मराठीत लिहून देत असे. तिथे मराठी कुणालाच वाचता येत नाही. मी पाठवलेला कागद जसाच्या तसा छापला जायचा आणि रविवारी मराठी पेपराच्या घडीतून घरोघरी पोहोचायचा.

गेल्या वर्षी साखरेच्या आजारावरच्या एका चूर्णाचं काम आलं. "किताबी नक्को साब, घरका लगना," मालक म्हणाला. मी घरातलंच बोलणं उचललं. 'अक्का, अजून किती वर्षं गोळ्याच गिळायच्या?' अशी सुरुवात केली. या प्रश्नाला वाचणारा मनात 'पुरे आता' म्हणतो आणि पुढच्या ओळीवर विश्वास ठेवायला तयार होतो. पुरावा कुठेच नव्हता. त्या जागी मी माया भरली. साधलं, म्हणून खूशही झालो.

माझी थोरली बहीण मलकपेठेत एकटी राहायची. तिला मी अक्काच म्हणायचो. तिने ते पत्रक जपून ठेवलं होतं.

"बघ की, या गावात मराठीतून अक्का म्हणणारं कुणी तरी आहे!"

"मीच लिहिलंय ते." मला मिरवायचं होतं.

"हौ? मग झालं की! उगाच त्या डॉक्टरच्या गोळ्या खात बसले."

मी हसलो, चहा संपवला. मी फक्त शब्द पुरवले, ते चूर्ण डोळ्यांनीही पाहिलेलं नाही, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

तिने गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा ती दवाखान्यात बेशुद्ध होती आणि तिच्या पिशवीत चूर्णाचा अर्धा डबा होता. ती घरी आली नाही.

पंधरवड्याने मालकाचा फोन आला. "चूर्ण मस्त चल रा साब. नवा पत्रक होना. कोई बुढी अम्मा की जबानी लिखो, फोटो के साथ."

"आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

लिहायला तीन दिवस लागले. सगळ्या जुन्या युक्त्या वापरल्या. सुरुवात तीच ठेवली. 'अक्का, अजून किती वर्षं गोळ्याच गिळायच्या, असं मला माझ्या भावाने विचारलं. आपल्या माणसाचं ऐकायचं नाही तर कुणाचं? मी चूर्ण घेतलं, गोळ्या सोडल्या. चार महिन्यांत मेले. तुम्ही सोडू नका.' वर तिचा फोटो, खाली चूर्णाचं नाव, कंपनीचा पत्ता ठळक अक्षरांत. त्याखाली भावाचं पूर्ण नाव. स्वतःला वगळून सूड पुरा झाला नसता.

"घरका लग रा ना साब?" मालकाने विचारलं.

"बिलकूल," मी म्हणालो.

रविवारी चिक्कडपल्लीत माझ्या दारात पेपर पडला. घडी उघडताच पत्रक पायाशी आलं. दारात उभ्यानेच मी ते सावकाश वाचलं. छपाईत एकही चूक नव्हती.

आत फोन वाजायला लागला. मी तो वाजू दिला.