लाईन यायच्या आत

माझी नणंद नाशिकला असते. दर हिवाळ्यात ती द्राक्षांच्या मळ्यांमधून सायकल चालवतानाचे फोटो पाठवते. मागे वेलींच्या रांगा, डोक्यावर हेल्मेट आणि शेवटच्या फोटोत हातात वाइनचा ग्लास. नागपुरात बसून असे फोटो पाहिले की माणसाचं डोकं फिरतं. आमच्याकडे काटोल रोडला लागलं की संत्र्यांचे बगीचे आहेत आणि मोहाची झाडं आहेत. मोहाचीही वाइन होते म्हणा, पण ती हातात धरून फोटो काढायची सोय नाही.

त्या फोटोंनी खरा बिघडला तो माझा नवरा. (लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे, समोर 'अहो'च म्हणते.) त्याची अख्खी नोकरी कोराडीला वीज केंद्रात गेली. निवृत्त झाला आणि वर्षभरात बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं फिरा. यानं जाड टायरची, गिअरची, डोंगरावर चढणारी सायकल घेतली. नागपुरात डोंगर कुठला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "चढाव तर हायेत ना."

त्याला एकट्याला जाऊ देण्याची माझी छाती नव्हती. म्हणून मुलीची जुनी सायकल दुरुस्त करून घेतली आणि मागे मागे जायला लागले. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. नजर सतत त्याच्या पाठीवर. चढावर पाठ जरा वाकली की माझा हात खिशाकडे जायचा. हा माणूस असाच एखाद्या रस्त्यावर कोसळणार आणि मी एकटी त्याच्याजवळ बसलेली असणार, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं होतं की आता त्यातली झाडंसुद्धा ओळखीची झाली होती.

त्याच्या स्वभावातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वस्तीत लाईन गेली, म्हणजे वीज गेली, की कोणीतरी अंगणातून ओरडणारच, "काय जी, कोराडी बंद पाडली का?" गंमतच ती. पण हा खरोखर चिडायचा. वीज वेळेवर देणं हेच त्याचं आयुष्य होतं. उशीर झाला की त्याला घरी बसल्याबसल्या अपमान झाल्यासारखा वाटायचा. लोकांना पटवून द्यायला थेट वस्तीतल्या बुद्धविहारापर्यंत भांडत जायचा.

मार्चमधली ती दुपार. संत्र्यांना आंबिया बहार आलेला, पांढरी फुलं, आणि वास असा की गाडीवरून जाणाऱ्यालाही थांबावंसं वाटावं. रस्त्याकडेला मोहाची फुलं पडलेली, त्यांचा आंबूस गोड वास वेगळाच. उतार सौम्य, रस्ता मोकळा. नणंदेला पाठवायला मीसुद्धा दोन-तीन फोटो काढले.

फाट्यावर चहा घेतला. चहावाल्यानं सायकली निरखून पाहिल्या आणि विचारलं, "वापस कोणत्या रस्त्यानं जाता जी?"

"पाहू," नवरा म्हणाला. "ह्या पांदणीनं निघता येते का तिकडं?"

पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. चहावाल्यानं मान खाली घातली आणि गाळणी झटकत म्हणाला, "पांदणीनं नका जाऊ. डांबरी रस्त्यानंच जाजा."

"काहून?"

"वाघ हाये तिकडं."

आता नागपूरच्या माणसाला 'तिकडे वाघ आहे' असं सांगणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. इथे लोक पहाटे उठून, ब्लँकेट पांघरून, उघड्या जीपमध्ये धूळ खात वाघ पाहायला जातात आणि वानरांचे फोटो घेऊन परत येतात. आम्हीही चारदा गेलो होतो आणि चारदा वानरंच पाहिली होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे चमकले असणार.

पुढे एका बगीच्यापाशी एक बाई बकऱ्या बांधत होती. ऊन अजून बरंच वर होतं आणि ती बकऱ्या बांधत होती. आम्ही पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं, मृगाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, बहाराची चार संत्री दिली, आणि तिनंही तेच विचारलं.

"वापस कोणत्या रस्त्यानं जाता ताई? दिवा लागाच्या आत निघून जा. त्या पांदणीत वाघ हाये."

"तुम्ही पाह्यला?" नवऱ्यानं विचारलं.

"हो. म्हणजे, आमच्या मालकानं पाह्यला."

"पंजे उमटले असतील ना? दाखवता का?"

"नाई जी. पुसले गेले."

बोलताना ती जंगलाच्या बाजूला पाहत नव्हती, स्वतःच्याच बगीच्याकडे पाहत होती. मला ते खटकलं. आणखी एक गोष्ट खटकली, पण काय ते लगेच लक्षात येईना. सायकलवाल्याच्या मागे कुत्री लागतात, हा आमचा नेहमीचा ताप. मी काठीही बांधून ठेवली होती. या वस्तीवर एकही कुत्रं भुंकलं नव्हतं. कुत्रंच नव्हतं. मी तसं म्हणाले तर नवरा म्हणाला, "वाघानं नेले असतील." आणि त्याला हे बोलताना आनंद झाला होता!

आम्ही तिला हात करून डांबरी रस्त्याला लागलो. ती वळणापर्यंत बघत उभी होती. वळण संपलं, ती दिसेनाशी झाली, आणि आम्ही गुपचूप पांदणीत शिरलो. शाळा बुडवणाऱ्या पोरांसारखे हसत होतो.

पांदण खाली उतरत गेली. खडे, चाकोऱ्या, मध्ये गवत. जाड टायरांना असाच रस्ता लागतो, तो खुशीत होता. माझी खुशी मात्र हळूहळू उतरत गेली. दोन्हीकडे संत्र्याची झाडं इतकी दाट की फुलांचा वास कोंडल्यासारखा झाला होता. त्या वासाखाली दुसरा एक वास होता, काहीतरी मेल्याचा. पाखरंही गप्प होती. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत एका सरळ रेषेत जळून काळं पडलेलं दिसलं. वणवा असा सरळ जात नाही, एवढं मलाही कळतं.

"अहो, वापस चला."

"आता निम्मं आलो वं. तिकडून लवकर पडते."

खाली वाट संपली तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तार आडवी होती. बांबूच्या खुंट्यांवर बांधलेली, गंजलेली. ती एका बगीच्याला चारी बाजूंनी वेढून होती आणि आमची वाट त्या बगीच्यातून पलीकडच्या रस्त्याला निघत होती. नवरा उतरला. तारेजवळ वाकून कान दिला.

"झटका मशीन असंल," तो म्हणाला. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेतकरी सोलरची पेटी लावतात, तारेला शिवलं की जोरात झटका बसतो पण जीव जात नाही. ती चालू असली की टक् टक् आवाज येतो. "पाह्य, टकटक नाही. बंद हाये. रात्री लावत असतील."

आणि त्याने ती तार उजव्या हाताने धरून वर उचलली. "निघ खालून."

मी वाकले. सायकलचं हँडल तारेत अडकलं. त्याने दुसऱ्या हाताने ते सोडवलं. मग एका हाताने तार धरूनच त्याने स्वतःची सायकल पलीकडे ढकलली आणि वाकून आत आला. तार सोडून दिली. ती थोडा वेळ हलत राहिली.

आम्ही झाडांच्या ओळीतून चालत थोडं पुढे आलो असू. समोर विहिरीजवळ मोटरची खोली होती. तिच्या दारावरचा दिवा लागला. खोलीजवळ कोणी नव्हतं. आतली मोटर आपोआप सुरू झाली; शेतीची लाईन ठरावीक तासच असते, ती आली की होते तशी. पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला. आणि आमच्या मागे, जिथे ओल्या गवताला तार टेकत होती तिथे, चुर्र झालं.

नवरा थांबला. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग मागे तारेकडे पाहिलं. नोकरीभर ज्या गोष्टीशी त्याची गाठ होती ती ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"हालू नको," तो म्हणाला. त्याचा असा आवाज मी ऑपरेशनच्या दिवशीही ऐकला नव्हता. "डायरेक्ट हाये. मोटरच्या पेटीतून लाईन सोडली तारेत."

मी खिशातली गोळी चाचपली. मूर्खासारखी, पण चाचपली. वर्षभर मी त्याच्या छातीवर पहारा देत होते, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत मरण मुठीत धरून मला म्हणत होता, निघ खालून.

तेवढ्यात वरच्या बाजूच्या फाटकातून ती बकऱ्यांची बाई धावत आली; बगीचा तिचाच होता. दिवा लागला म्हणून तिने इकडे पाहिलं असणार आणि झाडांत आमचे कपडे दिसले असणार. "कुठून आले जी तुम्ही? कुठून आले?" ती ओरडत होती. नवऱ्याने तारेकडे बोट केलं. त्या हाताच्या तळव्यावर गंजाचा तांबडा पट्टा उमटला होता. तिने तो पाहिला, मग मोटरच्या दिव्याकडे पाहिलं.

"वाघाचं सांगितलं होतं ना तुमाले," ती म्हणाली. "वाघाचं नाव काढलं का मानसं वापस जातात जी. तारेचं कसं सांगाचं? जेलात टाकतात."

मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली. खरंच वाटली. पण ती पुन्हा त्या तळव्याकडेच पाहत होती.

"आणि कुत्रे?" मी विचारलं.

"टिकत नाहीत ताई इथं."

नवरा वळला. मोटरच्या खोलीबाहेर पडलेला सुका बांबू घेतला, आत गेला आणि मेन स्विच खाली पाडला. दिवा गेला, पाणी थांबलं. बाईने त्याला अडवलं नाही. बाहेर येऊन त्याने एकच प्रश्न विचारला.

"लाईन रोज याच वेळेला येते?"

"नाई जी," ती म्हणाली. "रोज लवकर येते. आज उशिरा आली."

परत येताना आम्ही डांबरी रस्त्यानेच आलो. संत्री तिथेच विसरली. "उद्या पुन्हा जोडतील," एवढंच तो वाटेत म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने तिथल्या सरपंचाला फोनवर गाठून सगळं सांगितलं. सरपंच म्हणाले, पाहतो. पुढे काय पाहिलं, ते मला माहीत नाही. फाट्यापलीकडे आम्ही पुन्हा गेलो नाही, आणि फोटो मी नणंदेला पाठवले नाहीत.

मे महिन्यात एका संध्याकाळी वस्तीतली लाईन गेली. कुलर बंद पडले, सगळे घामेजून अंगणात आले. कोणीतरी नेहमीप्रमाणे ओरडलं, "काय जी, कोराडी बंद पाडली का? कधी येते लाईन?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पायरीवर बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. भांडायला उठला नाही.

"येऊ द्या," तो म्हणाला. "उशिराच येऊ द्या."