मोरपंखी रंगाची शेवटची ट्रॉली

सुरतजवळच्या पलसाण्याच्या डाइंग मिलवाल्याकडून मी दर कसा खाली आणला, हे मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होतो. आता ते आठवलं की तोंड कडू होतं.

आमच्या धंद्यात मागावरून उतरलेल्या कापडाच्या ताक्याच्या टोकाला ज्याची त्याची खूण असते, पक्क्या शाईची. रंगाच्या उकळत्या हौदातून निघाली तरी ती पुसट का होईना दिसते. आमच्या ताक्यांवर ती माझी बायको काढायची. पुढे मिलमध्ये बारकोड आले. मिलवाला म्हणाला, "सेठ, निशान बंद करो. टोक कापायला माणसं लागतात, कपडा वाया जातो." मला त्याची गरज दिसली आणि मी अडून बसलो. खूण बंद करतो, पण मीटरमागे पंधरा पैसे कमी. तासभर घासाघीस झाली, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, शेवटी तो कबूल झाला. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मंग कोना माल शे हाई कसं समजी?" मी हसलो. म्हटलं, कॉम्प्युटरला समजतं.

खानदेशातून आलो तेव्हा कडोदऱ्यात दुसऱ्याच्या मागावर उभा राहायचो. मग चार माग भाड्याने, मग बारा स्वतःचे. तरी त्यावर सूत दुसऱ्याचंच चालायचं. विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. पन्नाशीला टेकलो तेव्हा पहिल्यांदा स्वतःचं सूत घेऊन स्वतःचा माल काढला आणि दलालाशिवाय थेट एक व्यापारी पकडला. त्याला चाळीस ताके हवे होते, मोरपंखी, ठरल्या दिवशी. ते पोचले तर मी मालवाला, नाहीतर पुन्हा मजुरीवाला. बारा माग होते, पण स्वतःचा माल आणि मजुरी, दोन्हीकडे पाय ठेवण्याइतकी ऐपत नव्हती.

ताके मिलमध्ये रंगत असतानाच अर्ध्या सुरतचं नेट बसलं. पेट्रोल पंपावर लोक रोख पैसे शोधत होते, मोबाईलवर काही उघडत नव्हतं. मला वाटलं, केबल तुटली असेल. मिलच्या मॅनेजरला फोन केला तर म्हणाला, "दो घंटे में चालू हो जाएगा." दोन दिवस तो हेच म्हणत होता आणि दोन दिवस मी ते ऐकून घेतलं. माझ्यासारख्या माणसाने!

तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा हायवेवरच्या कितीतरी मिलच्या चिमण्या थंड होत्या. सगळ्यांनी, अगदी पेट्रोल पंपवाल्यांनीही, नेट आणि सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं घेतलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. कुठे दूर बसलेल्या कुणीतरी त्या कंपनीवरच हल्ला करून सगळ्यांच्या नोंदींना एकदम कुलूप घातलं होतं. पडद्यावर खंडणीची मागणी तेवढी दिसत होती. राखीव नोंदी होत्या, पण त्याही त्याच जाळ्यात. बारकोडचे कागद रंगाच्या पाण्यात कधीच विरघळले होते. ट्रॉल्यांवर नुसते नंबर उरले होते. कुठला नंबर कुणाचा, ते कुलपाच्या आत.

"पहचानो और सही करके ले जाओ," मॅनेजर सांगत होता.

"यहाँ तो सब कपड़े भाई-भाई हो गए," कुणीतरी म्हणालं. हसायला कुणाला येत नव्हतं.

मोरपंखी रंगाची, माझ्या कापडाच्या जातीची एकच ट्रॉली उरली होती. बाकीच्या लोकांनी दोन दिवसांत उचलल्या होत्या. तिच्यापाशी एक म्हातारे गुजराती काका उभे होते. कतारगामला त्यांचे थोडे माग आहेत, एवढं बोलण्यातून कळलं.

"भाई, आ मारो माल छे," ते म्हणाले. "अंदर किनारी पर तेलना डाघ हशे. खोलीने जोई लो."

"काका, दागवाला माल कोई अपना बोलता है क्या?" बाजूचा एक जण म्हणाला, आणि आता मात्र सगळे हसले.

माझ्या मालातही खोट होती. सहा नंबरच्या मागाची फणी वाकडी आहे, काठापासून बोटभर आत बारीक रेघ पडते. ताका उघडून ती शोधली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण तिथे दहा व्यापारी उभे होते. त्यांच्यासमोर आपल्या मालातली खोट सांगायची? तीस वर्षं मी दुसऱ्याच्या मालातली खोट काढत आलो आणि स्वतःची झाकत आलो. मी आवाज चढवला. "मेरा माल एकदम साफ है. खोलोगे तो तह बिगड़ेगी, व्यापारी वापस करेगा. हाथ मत लगाना!" वरचा ताका साफ दिसतच होता. मॅनेजरला गर्दी हटवायची होती. त्याने पावती माझ्यापुढे सरकवली.

काकांनी ट्रॉलीवरचा हात काढला. मग म्हणाले, "लई जा, भाई. तारो होय तो तारो." आणि फाटकाकडे चालू लागले.

व्यापाऱ्याचा टेम्पो घरी उभाच होता. भरण्याआधी बायकोने एक ताका उलगडला. दोन घड्यांखाली किनारीवर काळे डाग होते. दुसऱ्या ताक्यातही तेच. "हाई आपलं नही शे," ती म्हणाली. मी म्हटलं, "बाजूला हो," आणि माल चढवला. चार दिवसांनी सगळा परत आला. व्यापाऱ्याने नंतर माझा फोन उचलला नाही.

काकांचा पत्ता मिलमध्ये विचारला. तो त्याच कॉम्प्युटरमध्ये होता, आणि त्या नोंदी शेवटपर्यंत उघडल्या नाहीत. माझे चाळीस ताके कोण घेऊन गेलं, तेही कळलं नाही. मिलवाल्याने हात झटकले, कंपनीने मिलवाल्याकडे बोट दाखवलं. त्या दोघांना मी आजही माफ केलेलं नाही. पावतीवर सही करणाऱ्या तिसऱ्या माणसाबद्दल घरात कुणी बोलत नाही.

दर सोमवारी माझे माग बंद असले की मी कतारगामला जायचो. गल्ल्यांतून खटखट ऐकू आली की आत डोकावून विचारायचो, तेलाचे डाग पडणारा माग कुणाचा, म्हातारे काका आहेत का. लोक मला वसुलीवाला समजायचे आणि आत निरोप न देताच "यहाँ कोई नहीं" म्हणायचे. एकदोनदा मी त्यांच्यावरही ओरडलो.

गेल्या दोन महिन्यांपासून जाणं सोडलंय. मागांवर पुन्हा दुसऱ्याचं सूत चढलं आहे. मोरपंखी ताके आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेत. बायको ते विकू देत नाही, आणि द्यायचे कुणाला ते माहीत नाही.