गोवर्धनचा दोर

परतवाड्याच्या वर डोंगरात कोबी पिकवणारा गोवर्धन विहिरीत पडलेले बैल काढता काढता दरीत पडलेली माणसं काढायला शिकला. तीस वर्षं हेच केलं, आणि माणसाविषयीचं त्याचं मत उतरतच गेलं. पोटाला दोर बांधला की बैल गुमान वर येतो. माणूस मात्र अर्ध्या कड्यावर लोंबकळत मोबाईल कुठे पडला ते विचारतो.

यंदा गावच्या पर्यटन समितीने त्याचा सत्कार ठेवला, तोही कड्यावरच. शाल घेऊन आले ते अध्यक्ष योगेशभाऊ. दोन वर्षांपूर्वी फोटोपायी घसरलेल्या ह्याच भाऊंना गोवर्धनने इथूनच ओढून काढलं होतं. भाषणात त्यांनी त्या घसरण्याचा उच्चारही केला नाही. उलट फोटोत दरी यावी म्हणून कठडा ओलांडून पलीकडे उभे राहिले. "या गोवर्धनजी, असे इकडे या!"

गोवर्धन हलला नाही. सत्कारात मिळालेला नारळ खाली ठेवून तो कठड्याला दोर बांधू लागला.

"दोर कायले?" भाऊ हसले.

"बैल एकदा पडला का त्या विहिरीकडे फिरकत नाही," गोवर्धन गाठ आवळत म्हणाला. "तुमाले काढलं तवा मले वाटलं होतं, बैलाइतकी तरी अक्कल असन."