डाव्या बाजूचं दार

मौजे काकतीच्या शेजारच्या गावचे, तालुका व जिल्हा बेळगाव येथील कायम रहिवासी श्री. भरमा आण्णाप्पा मोदगेकर, वय साठीच्या आसपास, धंदा शेती व भाजीपाला वाहतूक, हे एका मालवाहू पिकअप वाहनाचे कायदेशीर मालक आहेत. सदर इसमास वाहन चालवता येत नाही. सदर वाहन त्यांचे सख्खे धाकटे बंधू श्री. महादेव हे चालवतात. उभय बंधूंमध्ये कोणतेही बोलणे, येणे-जाणे वा जेवणखाण नाही. वाहनाचे डावे दार आतून उघडत नाही. बाकी वाहन सुस्थितीत आहे.

असल्या वर्णनात एखादं वाक्य खोटं असतंच. वाहन सुस्थितीत नाही. डाव्या बाजूला पायाखालचा पत्रा गंजून गेलाय, तिथं गेल्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराचा फलक उलटा घातलाय. उमेदवार पडला, फलक टिकला. वायपर फक्त उजव्या बाजूला आहे, त्यामुळं पावसाळ्यात रस्ता एकट्या म्हाद्याला, म्हणजे महादेवला, दिसतो. दुसरा गियर टाकला की निसटतो, म्हणून वंटमुरीच्या चढाला तो हातानं दाबून धरावा लागतो. म्हाद्याचे दोन्ही हात स्टेअरिंगला लागतात, कारण तेही एका बाजूला ओढतं. मग गियर धरायचा कुणी? शेजारी बसलेल्यानं. म्हणजे निपाणीच्या बाजाराला कोबी न्यायचा तर एका भावानं गाडी वळवायची आणि दुसऱ्यानं गियर धरायचा, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही.

भांडणाचं कारण लोक अजून गंभीर चेहऱ्यानं सांगतात. गावच्या महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी भरली होती. आमच्याकडं यात्रा म्हणजे ज्याचं गाव त्यानं पाहुण्यांना मटण घालायचं, आणि पाहुणे म्हणजे ज्यांचं तोंड आपण फक्त यात्रेतच बघतो असेही सगळे. तेव्हा घर एक होतं, चूल एक होती, पातेली मात्र आडवी-उभी लावलेली. पंगतीत वाढायला भरमा होता. त्याच्या सासरचे आधी बसले. म्हाद्याचा मेव्हणा मागनं आला आणि त्याच्या ताटात नुसता रस्सा पडला. फोड एकही नाही. मेव्हण्यानं त्यातच भाकरी चुरून खाल्ली आणि तो उठला. पण हात धुताना म्हाद्याला एवढंच म्हणाला, "तुमच्यात कोंबडीला हाडं नसत्यात व्हय, दाजी?" मटण बोकडाचं होतं. अपमान दुहेरी झाला.

पुढं वाटणी झाली. शेत, घर, म्हशी, अंगणातला फणससुद्धा वाटला गेला. फणसाच्या उगवतीकडच्या फांद्या भरमाच्या, मावळतीकडच्या म्हाद्याच्या. राहिली पिकअप. तिचे दोन भाग करायला पंचांचा जीव होईना. भरमानं एकदाच गाडी चालवायचा प्रयत्न केला होता, आणि ती उकिरड्यातून काढायला अर्धं गाव लागलं होतं, हे पंचांपैकी दोघांनी अंगावर अनुभवलं होतं. तेव्हा निकाल असा झाला की गाडी भरमाची, स्टेअरिंग म्हाद्याचं, भाड्यात दोघांचा वाटा. भांडण फक्त बाप्यांचं असल्यामुळं बायकांना कुणी बोलू नका म्हणून सांगितलं नव्हतं. त्या बोलत राहिल्या. भिंतीवरनं आमटीच्या वाट्या इकडनं तिकडं जात राहिल्या आणि दोघे भाऊ एकमेकांच्या घरचं जेवत नाही म्हणून अभिमानानं सांगत राहिले.

गाडीत बोलायची सोय मात्र आपोआप निघाली. दोघंही गाडीशी बोलू लागले.

"गाडे, आज शापूरच्या दुकानदाराकडं वांगी उतरायची हाईत म्हणून सांग त्याला," भरमा समोरच्या काचेकडं बघत म्हणायचा.

"गाडे, वांगी कवळी हाईत काय इचार. मागच्या खेपेला त्या दुकानदारानं शिव्या मला घातल्या," म्हाद्या त्याच काचेकडं बघत म्हणायचा.

गाडी दोघांचं ऐकून घ्यायची. घाट आला की म्हाद्या म्हणायचा, "गाडे, दुसरा!" आणि भरमा न बोलता गियर दाबून धरायचा. बाजारात पोचल्यावर म्हाद्या उतरायचा, बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूला यायचा आणि भरमाला बाहेरनं दार उघडून द्यायचा. दार आतून उघडत नाही, मग दुसरं काय करणार? मार्केट यार्डातले हमाल हे रोज बघतात. "आलं, आमदार आलं," असं कुणीतरी ओरडतं. भरमा उतरताना धोतराचा सोगा झटकतो, तो खरोखरच आमदारासारखा दिसतो.

हे सगळं असंच चाललं असतं, पण भरमाचा मुलगा युवराज उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कायम झाला. माणूस कायम झाला की त्याला घरातलं सगळं तात्पुरतं वाटायला लागतं.

"आप्पा, नवी घेऊया," तो एका रविवारी म्हणाला. "सकाळची खेप मी मारतो, तिथनंच कामाला जातो. बाप दारामागं कोंडून बसतोय आणि चुलता येऊन सोडवतोय, हे मला बघवत न्हाय. लोकं हसालेत."

"हसूं देत की. तुझ्या लग्नातबी हसली ती," त्याची आई गुणाबाई भाकरी थापत म्हणाली. मग थापणं न थांबवता तिनं विचारलं, "आणि भावजी?"

"काकाला काय, कुणाचीबी गाडी मिळंल. लायसन हाय त्याच्याकडं."

नवी आली की ती युवराज चालवणार. म्हाद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीवर जाणार. दोन भावांत मग फणस तेवढा राहणार, आणि फणसापाशी रोज सकाळी शेजारी बसावं लागत नाही. भरमाच्या डोक्यात हे सगळं आलं असणार, कारण त्या दिवशी त्यानं भाकरीला आमटीऐवजी पाणी लावलं.

पण जुन्या गाडीची बाजू घ्यायची तर घेणार कशी? तिच्या बाजूनं बोलण्यासारखं काहीच नव्हतं. तिला जपावं असं भरमाकडं एकच कारण होतं आणि ते कारण उजव्या बाजूला बसत होतं. आपण ज्याच्याशी बोलत नाही त्याच्यासाठी गाडी ठेवायची, हे कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून भरमा एवढंच म्हणाला, "बघून तर येऊ."

बेळगावात हायवेला लागून एक शोरूम आहे. तिथं नव्या गाड्या काचेच्या आत असतात आणि गिऱ्हाईकं उन्हात असतात. जुनी गाडी बदल्यात द्यायची होती, म्हणजे ती दाखवायला न्यायला हवी, म्हणजे ती म्हाद्यानंच चालवायला हवी. आपली जागा जिथं जाणार त्या ठिकाणी माणूस स्वतःच गाडी चालवत निघाला, आणि शेजारी भरमा. युवराज आईला घेऊन मोटरसायकलवर पुढं गेला. जाताना पिकअपमध्ये कुणी गाडीशीसुद्धा बोललं नाही.

शोरूममध्ये टाय घातलेला साईराज नावाचा तरुण पुढं आला. "बर्री, बर्री," तो कन्नडमध्ये 'या, या' म्हणाला. भरमानं कन्नडमध्ये उत्तर दिलं. दोघांनी काही वेळ कन्नडमधून एकमेकांचा अंदाज घेतला, मग हिंदीत घसरले, आणि सूट किती द्यायची हा विषय निघाल्यावर दोघंही मराठीच निघाले. साईराज वडगावचा, विणकराच्या घरातला. त्याच्या आजोबांना एका साडीला लागणारा वेळ त्यानं एका गाडीला द्यायचं ठरवलं असावं. तो थांबेचना. ताकद, मायलेज, वॉरंटी, मोबाईल जोडायची सोय.

"गुळगुळीत हाय," गुणाबाईनं नव्या गाडीच्या हौद्यावरनं हात फिरवून सांगितलं. "ह्यात शेणखत घालूसं वाटायचं न्हाय."

"चालवून बघा की अण्णा," साईराज म्हणाला.

युवराज पुढं झाला. भरमानं त्याला हातानं थांबवलं. मग तो वळला, बाहेर उन्हात उभ्या असलेल्या जुन्या पिकअपकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "गाडे, ही नवी चालवून बघायला कोण येतंय काय इचार."

साईराजनं आधी जुन्या गाडीकडं बघितलं, मग युवराजकडं. युवराजनं मान खाली घातली.

जुन्या गाडीला टेकून तंबाखू मळत म्हाद्या उभा होता. त्यानं तंबाखू झटकली, हात पँटला पुसले आणि येऊन नव्या गाडीत बसला. भरमा डावीकडं बसला. दोघांच्या सीटा वेगळ्या होत्या, मध्ये पाण्याची बाटली ठेवायला खळगा. जुन्या गाडीत एकच सलग सीट आहे, भरमा रुसला तरी फार लांब सरकू शकत नाही.

गाडी हायवेला लागली. आवाज नाही, धक्का नाही. चढ आला तसा भरमाचा हात सवयीनं गियरकडं गेला. गियर घट्ट होता. त्याला कुणाचीच गरज नव्हती. भरमानं हात परत मांडीवर ठेवला.

"गाडे," तो म्हणाला, "सावकाश घे म्हणून सांग त्याला."

गाडीत कुठूनतरी एक बाई इंग्रजीत बोलली. दोघंही दचकले. बाई तेच वाक्य पुन्हा म्हणाली, आणि टुंग टुंग वाजायला लागलं. इतकी वर्षं गाडीशी बोलून त्यांना कधी उत्तर मिळालं नव्हतं.

"ही मधीच कशाला बोलालीय?" म्हाद्या म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. गाडीला म्हणावं तर गाडीचीच तक्रार होती.

भरमानं पट्टा शोधून लावला. बाई गप्प झाली. मग परत येईपर्यंत ते दोघंही गप्प होते. गाडी ऐकून घेत नाही, उलट बोलते, हे कळल्यावर तिच्यापुढं घरचं काय बोलायचं?

शोरूमच्या आवारात गाडी थांबली. म्हाद्या उतरला, बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि दाराकडं हात केला. तेवढ्यात दार आपणहून उघडलं. भरमानं आतला खटका ओढला होता. कापूस टेकवावा इतक्या हलक्यानं दार बाहेर आलं आणि भरमा खाली उतरला. म्हाद्या हात पुढं करून तसाच उभा. त्या हातानं काय करायचं हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं तो डोक्यावरनं फिरवला, टोपी नव्हती तरी टोपी नीट केल्यासारखं केलं, आणि जुन्या गाडीकडं चालू लागला.

भरमा त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

"कशी वाटली अण्णा?" साईराज धावत आला.

"दार सैल हाय," भरमा म्हणाला.

"दार? अण्णा, दार फर्स्ट क्लास हाय. बघा," म्हणून त्यानं ते चारदा उघडून मिटून दाखवलं.

"तेच म्हणालोय. कुणीबी उघडंल."

"उघडायलाच असतंय की दार!"

"आमच्यात तसं नसतंय," भरमा म्हणाला आणि निघाला.

युवराज आडवा आला. "आप्पा, लोकांपुढं शोभा कराय आलास व्हय हितं? दारासाठनं गाडी नको म्हणालास?"

"आणि ती बाई. लई बोलतीया."

"ती पट्टा लाव म्हणालती!"

"घरात तुझी आई हाय सांगायला. गाडीत आणि एक कशाला?"

गुणाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की दुसरं काही, ते तिला विचारायची युवराजची हिंमत झाली नाही. ती साईराजला म्हणाली, "बाळ, पाणी दे घोटभर. आमचं झालं." मग युवराजकडं वळून हळूच म्हणाली, "चल रं. तुझ्या बापाला गाडी घ्यायचीच नव्हती, त्याला कारण घ्यायचं होतं. ते मिळालं."

म्हाद्यानं जुनी गाडी चालू करून ठेवली होती. ती थरथरत उभी होती. भरमा डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. बाहेरनं दार त्यालाही उघडता आलं असतं. तो उभाच राहिला. म्हाद्या उतरला, वळसा घालून आला, दार उघडलं आणि मालक आत बसल्यावर जोरात लावलं. ते जोरात लावल्याशिवाय लागत नाही.

गाडी काकतीला पोचली. मग भरमा काचेकडं बघून म्हणाला, "गाडे, उद्या निपाणीचा बाजार हाय म्हणून सांग त्याला. कोबी भरायचाय."

"गाडे," म्हाद्या म्हणाला, "त्याला म्हणावं चढाला गियर नीट धर. मागच्या खेपेला झोपलाता."

"झोपलो न्हवतो म्हणून सांग."

"घोरालता म्हणून सांग."

युवराज दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही, हा त्या घराण्याचा गुणच म्हणायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं तडजोड काढली. नवी गाडी नको तर नको, निदान दार तरी दुरुस्त करून घेऊ. बाजारातलं हसं तरी थांबेल. बाप आणि काका शेतात होते. म्हाद्याच्या बायकोकडनं भिंतीवरनं किल्ली घेऊन त्यानं पिकअप काकतीला नागेंद्रच्या गॅरेजमध्ये नेली.

नागेंद्र दुसऱ्या एका गाडीखाली आडवा होता. त्याचे पाय तेवढे दिसत होते.

"काका, डावं दार आतनं उघडत न्हाय ते करून दे," युवराज त्या पायांना म्हणाला.

"त्ये मागच्या शिमग्यातच केलंय की," पाय म्हणाले. "म्हाद्याण्णा घेऊन आलता. भरमाण्णा शेजारीच बसलाता."

युवराज डाव्या बाजूला आत बसला, दार जोरात ओढून लावलं आणि आतला खटका ओढला.

दार उघडलं.